फोन म्हणतो ११४ पीएस, ओबीडी म्हणतं ६८: स्विफ्ट डिझेलची खरी ताकद मोजायची कशी?

जालना_डीडीआयएस

नमस्कार मंडळी. गाडी २०१६ ची स्विफ्ट डिझेल, तीच आपली १.३ ची. कंपनीच्या कागदावर ७५ पीएस (अश्वशक्ती) आणि १९० न्यूटनमीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर. इंजिन अजून टकाटक आहे, त्यामुळं गाडी बदलायचा विचार नाही. दिवाळीनंतर एका ट्यूनरकडून रिमॅप, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधल्या सेटिंग बदलून ताकद वाढवायचं काम, करून घेतलं. तो म्हणाला, "९५ च्या वर गेली समजा." कागद वगैरे काही दिला नाही. गाडी पळायली चांगली, पण ९५ म्हणजे खरंच ९५ का, हे मला मोजून बघायचं होतं.

तिथूनच गोंधळ सुरू झाला. फोनमध्ये ॲप टाकलं, त्यात गाडीचं वजन ११०० किलो भरलं, फोन काचेवरच्या होल्डरला लावला आणि अंबडच्या पुढं वडीगोद्रीच्या रस्त्यावर पहाटे गाडी दाबली. जाताना ॲपनं ११४ पीएस दाखवले. येताना त्याच रस्त्यावर ९८. मग गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारं ओबीडीचं ब्लूटूथ डोंगल लावलं, त्याच्या ॲपमध्ये ६८. संभाजीनगरच्या मावसभावाकडं ड्रॅगी आहे, जीपीएसची छोटी डबी. ती लावली तर ० ते १०० ला १२.४ सेकंद. पण सेटिंगमधली एक टिक दिली की तीच धाव ११.९ दाखवायली. एकाच धावेचे दोन टाइम कसे काय?

डायनोवर, म्हणजे गाडी रोलरवर चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, न्यायची तर गाडी पुण्यापर्यंत न्यावी लागेल असं ट्यूनर म्हणतो. त्याआधी मला समजून घ्यायचंय की या खिशात मावणाऱ्या यंत्रांपैकी कशावर किती विश्वास ठेवायचा. पैसे गेलेत म्हणून विचारत नाही. मला खरा आकडा पाहिजे.

पूर्णाकाठ_परभणी

दादा, ड्रॅगीवर विश्वास ठेवा, बाकी सोडून द्या. आणि गाडीच्या मीटरवर तर अजिबात जाऊ नका. कंपन्या स्पीडोमीटर मुद्दाम थोडा पुढं ठेवतात, कारण खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवणं चालत नाही, जास्त दाखवलेलं चालतं. माझ्या गाडीत काटा १०० वर असतो तेव्हा जीपीएस ९४-९५ दाखवतं. काट्याकडं बघून स्टॉपवॉच दाबणारे सगळे स्वतःची गाडी आहे त्यापेक्षा वेगवान समजतात.

ती टिक म्हणजे रोलआउट. बंद ठेवा.

टेस्टबेड_वाळूज

भाऊ, प्रश्न नीट मांडलात, म्हणून सविस्तर लिहितो. मी वाळूजला इंजिन टेस्ट बेडवर काम करतो आणि मोजमापातली ढिलाई मला बघवत नाही.

आमच्याकडं इंजिन डायनोला जोडायच्या आधी लोड सेल, म्हणजे जोर मोजणारा सेन्सर, तपासतात. ठरलेल्या लांबीच्या दांड्याला प्रमाणित वजनं एकेक करून टांगायची, पडद्यावर टॉर्क किती दिसतो ते लिहायचं, मग तीच वजनं एकेक करून उतरवायची आणि पुन्हा लिहायचं. चढताना आणि उतरताना आकडे जुळले तरच इंजिन सुरू. एवढी काळजी अशासाठी की पॉवर थेट मोजता येत नाही. टॉर्क मोजतात, आरपीएम मोजतात आणि गुणाकार करतात.

तुमच्या फोनलाही गुणाकारच करायचा असतो, पण त्याच्याकडं टॉर्क नसतो. गाडीचा वेग किती झपाट्यानं वाढतोय एवढंच त्याला कळतं. त्याला वजनानं गुणलं की बल मिळतं, बलाला वेगानं गुणलं की पॉवर. त्यात हवेचा आणि टायरचा विरोध मिळवतात आणि शेवटी गिअरबॉक्स-ड्राइव्हशाफ्टमध्ये अमुक टक्के जातात असं धरून इंजिनचा आकडा काढतात. यातली मोजलेली गोष्ट एकच. बाकी सगळं तुम्ही भरलेलं, नाहीतर ॲपवाल्यानं धरलेलं.

तुमच्याच गाडीवर हिशोब करू. तुम्ही धरून वजन ११५० किलो समजा. तिसऱ्या गिअरमध्ये ८० च्या वेगाला गाडीचा वेग दर सेकंदाला दीड मीटर प्रति सेकंदानं वाढतोय, म्हणजे १.५ मीटर प्रति सेकंद वर्ग. ८० किमी म्हणजे २२.२ मीटर प्रति सेकंद. गुणाकार केला की ३८ किलोवॅट. त्या वेगाला अशा गाडीला हवेचा विरोध साधारण १९० न्यूटन आणि टायरचा १३५ च्या आसपास असतो, त्यात जातात अजून ७ किलोवॅट. एकूण साडेपंचेचाळीस किलोवॅट, म्हणजे चाकांवर ६२ पीएस. इंजिनपासून चाकापर्यंत १५ टक्के गेले असं धरलं तर इंजिनला ७३. न छेडलेली स्विफ्ट डिझेल साधारण इथं बसते.

आता यात चूक घुसवून बघा.

गाडी दाबली की पुढचं नाक उचलतं आणि मागचा भाग बसतो. तुमच्या फोनमधला ॲक्सिलरोमीटर गाडीबरोबर मागं झुकतो. झुकल्यावर गुरुत्वाकर्षणाचा थोडा भाग त्याला पुढच्या दिशेचा वेगबदल वाटतो. एक अंश झुकला तर ०.१७ मीटर प्रति सेकंद वर्ग फुकटचे मिळाले. वरच्या हिशोबात टाका, चाकांवर ६ पीएस वाढले. दोन अंश म्हणजे १२. काचेवरचा लवचिक होल्डर असेल तर फोन स्वतःही मागं कलतो, तो भाग वेगळाच. तुमचा ट्यूनर २० पीएस वाढले म्हणतोय, आणि निम्म्याहून जास्त वाढ नुसत्या नाक उचलण्यातून दिसू शकते. शिवाय डिझेलची थरथर असते. बरीच ॲपं धावेतला सगळ्यात मोठा क्षण पकडून तोच "पीक" म्हणून दाखवतात. थरथरीतला एखादा उंच टोक पकडला गेला की आकडा आणखी फुगला.

वजन. शंभर किलोची चूक म्हणजे याच हिशोबात साडेचार पीएस. जालन्यात वजनकाट्यांची कमी नाही. सळईच्या मिलांजवळ आहेत, जिनिंगवर आहेत. टाकी जेवढी भरलेली ठेवून धाव घेणार तेवढीच ठेवा, तुम्ही स्वतः गाडीत बसा आणि काट्यावर चढवा. मोठ्या काट्याचा टप्पा ५-१० किलोचा असतो, म्हणजे चूक एका टक्क्याच्या आत. ट्रक येत-जात नसतील अशा वेळी जा, काटेवाले नाही म्हणत नाहीत. पावती जपून ठेवा, पुढं प्रत्येक हिशोबात लागेल.

चढ-उतार. अंबडकडून शहागडकडं जाताना जमीन गोदावरीकडं उतरत जाते. रस्ता दिसायला सपाट, पण शंभर मीटरला एक मीटर उतार डोळ्याला दिसत नाही आणि इंजिनला मात्र कळतो. एवढ्या उताराला तुमच्या गाडीत साडेतीन पीएसचा फरक. जाताना साडेतीन जास्त, येताना साडेतीन कमी, म्हणजे दोन्हींत सात. त्यात पहाटेचा वारा पाठीवर किंवा तोंडावर. तुमचे ११४ आणि ९८ असेच आलेत.

इथं एक बारीक गोष्ट आहे, ती बहुतेक जण सोडून देतात. ॲक्सिलरोमीटर पक्क्या सपाट फरशीवर शून्य केला असेल तर नुसत्या उतारामुळं त्याच्या बलाच्या हिशोबात चूक येत नाही. गाडी उतारावर असेल तर तो गुरुत्वाचा भाग आपोआप वगळतो, चाकांनी दिलेला जोरच त्याला जाणवतो. पण तुम्ही धाव सुरू करायच्या आधी त्याच उतारावर उभं राहून "कॅलिब्रेट" दाबलं, तर उतार शून्य म्हणून नोंदला गेला आणि सगळी चूक परत आत आली. जीपीएसचं उलटं आहे. नाक उचलल्यानं त्याचं काही बिघडत नाही, कारण तो उपग्रहांच्या सिग्नलवरून वेग काढतो. पण रस्ता उताराचा होता की चढाचा, हे पॉवरच्या हिशोबात त्याला वेगळं सांगावं लागतं.

ओबीडीच्या ६८ ला मी शून्य किंमत देतो. दोन कारणं. ओबीडीवर वेग एक-एक किलोमीटरच्या पायरीनं येतो, मधलं काही नसतं, आणि स्वस्त डोंगल तो सावकाश विचारत बसतं. दुसरं कारण मोठं आहे. बरीच ॲपं इंजिनात जाणाऱ्या हवेवरून पॉवर काढतात. पेट्रोलमध्ये ते बऱ्यापैकी चालतं, कारण तिथं १ भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा हे प्रमाण बहुतेक वेळ राखलेलं असतं. हवा कळली की इंधन कळलं. डिझेल इंजिन कायम जास्तीच्या हवेवर चालतं, पॉवर ठरते ती इंधन किती सोडलं त्यावर. हवा मोजून डिझेलची पॉवर सांगता येत नाही. आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, स्वतः जो टॉर्क सांगतो तो त्याच्या नकाशातला, म्हणजे आत भरलेल्या आकड्यांच्या तक्त्यातला, अंदाज असतो. ट्यूनरनं तोच नकाशा बदललाय. त्याच्याच तोंडून त्याचं कौतुक ऐकून काय करायचं?

पूर्णाकाठ_परभणी

साहेब, ड्रॅगीबद्दल पण सांगा. माझ्याकडं तीच आहे.

टेस्टबेड_वाळूज

तुमची निवड बरोबर आहे. जीपीएसचा वेग स्थान बदलण्यावरून काढलेला नसतो, तो मुख्यतः उपग्रहाच्या सिग्नलच्या वारंवारतेत पडणाऱ्या फरकावरून काढलेला असतो. रेल्वेची शिट्टी जवळ येताना बारीक आणि लांब जाताना जाड ऐकू येते, तोच डॉप्लर परिणाम. म्हणून उघड्या आभाळाखाली स्थानात दोन-तीन मीटरची चूक असली तरी वेग फार बारकाईनं मिळतो. गाड्यांची मासिकं ज्या व्हीबॉक्सवर टेस्ट घेतात, तो रेसलॉजिक कंपनीचा, त्याचाही पाया हाच. फरक पडतो सेकंदाला किती वेळा वेग नोंदतो त्यात. साधा फोन बहुतेक वेळा सेकंदाला एकदा. ड्रॅगीची पहिली पिढी १० वेळा, नंतरच्या २५ वेळा. व्हीबॉक्सचं मोठं यंत्र १०० वेळा.

१२-१३ सेकंदांत शंभर गाठणारी गाडी शेवटी शेवटी सेकंदाला पाच-सहा किलोमीटरनंच वाढते. फोन सेकंदाला एकदाच बघत असेल तर ९७ दिसले आणि पुढच्या वेळी १०३, मधला १०० चा क्षण अंदाजानं. सुरुवातीलाही तसंच, गाडी नेमकी कधी हलली हे त्याला अर्ध्या-पाऊण सेकंदानंतर समजतं. म्हणून फोनच्या नुसत्या जीपीएसवर ० ते १०० मध्ये अर्धा-एक सेकंद इकडंतिकडं होतो. १० वेळा नोंदणाऱ्या डबीत ही चूक एक-दोन दशांशावर येते. तेवढी पुरे.

पण झाडीखाली, पुलाखाली, उंच इमारतींमध्ये नको. डबी डॅशबोर्डवर काचेच्या पुढ्यात ठेवा आणि धातूचा लेप असलेली फिल्म काचेवर असेल तर सिग्नल बघून घ्या.

रोलआउटचं थोडक्यात: अमेरिकेतल्या ड्रॅग पट्टीवर गाडीचं पुढचं चाक प्रकाशकिरणाच्या बाहेर पडल्यावर घड्याळ सुरू होतं. तोवर गाडी साधारण एक फूट गेलेली असते, म्हणजे चालत्या गाडीवर घड्याळ सुरू. तुमच्या गाडीला तो पहिला फूट जायला साडेचार दशांश सेकंद लागतात. १२.४ चे ११.९ इथूनच आले. टिक दिलेली असो की नसो, तुलना करताना दोन्हीकडं एकच ठेवा.

नांदेड_गॅरेजवाला

सगळं बरोबर आहे, पण एक सांगू का? रोज गाड्या चालवणाऱ्याला बुडाखाली कळतं. माझ्याकडं रिमॅप करून आलेल्या डिझेल गाड्या मी चालवून बघतो, पहिल्या दाबातच फरक कळतो. त्याला डबी कशाला लागते?

टेस्टबेड_वाळूज

मालक, तुमचा हात जाणता आहे, त्याबद्दल शंका नाही. पण रिमॅपमध्ये दोन गोष्टी बदलतात आणि बुडाला दोन्ही सारख्याच वाटतात. एक, इंजिन खरंच जास्त टॉर्क देतं. दुसरी, ॲक्सिलरेटर थोडा दाबला तरी गाडी पूर्वी अर्ध्या दाबाला द्यायची तेवढं देते. या दुसऱ्या बदलानं इंजिनची ताकद कणभरही वाढत नाही, पण शहरात गाडी एकदम चपळ वाटते. पाय पूर्ण खाली दाबला की दुसऱ्या बदलाचा फायदा संपतो. म्हणून मोजायचं तर पूर्ण दाबूनच आणि घड्याळावर. ग्राहकानं २० टक्क्यांचे पैसे दिलेत तर त्याला २० टक्के मिळाले का हे बघायचा हक्क आहे, आणि चांगल्या ट्यूनरला याचं वाईट वाटायचं कारण नाही.

जालना_डीडीआयएस

टेस्टबेड साहेब, मनापासून आभार. आता मी नेमकं काय करू? वजन उद्याच करून आणतो. पण हवेचा विरोध १९०, टायरचा १३५, गिअरबॉक्समध्ये १५ टक्के, हे तुम्हीसुद्धा धरलेलेच आहेत की. मग माझाही आकडा अंदाजाचाच राहणार का?

टेस्टबेड_वाळूज

हा प्रश्न मला आवडला. यातले दोन अंदाज घरच्या घरी काढून टाकता येतात.

० ते १०० सोडून द्या. त्यात क्लच किती सोडला, चाकं किती घसरली, गिअर किती झटकन टाकला, हे सगळं मिसळतं. एकच गिअर धरा. तिसऱ्यात ५० च्या खालून सावकाश या, टर्बो जागा झालेला असेल, मग पूर्ण दाबा आणि ५० ते ८० किती सेकंदांत गेली ते बघा. वरच्या हिशोबाप्रमाणं न छेडलेली गाडी साडेपाच सेकंदांच्या आसपास घेईल आणि अंतर लागेल शंभर मीटर. वेगमर्यादेच्या आत होतं, हा मोठा फायदा. समृद्धीवर जाऊन हे करायचं नाही, तिथं गाडी सावकाश करणं म्हणजे मागच्याला धोका. गावाबाहेरचा सरळ, रिकामा, दोन्ही बाजूंनी लांबवर दिसणारा तुकडा, उजेड पडल्यावर. शेजारी कुणीतरी डबी बघायला, तुमची नजर रस्त्यावरच. आणि दुसऱ्या गाडीशी लावून तर कधीच नाही, सार्वजनिक रस्त्यावरची शर्यत मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे.

आता अंदाज काढायची युक्ती. त्याच तुकड्यावर, त्याच दिशेनं, ८० च्या थोडं वर या, न्यूट्रल करा, इंजिन चालूच ठेवा म्हणजे ब्रेक-स्टिअरिंग जिवंत राहतात, आणि ८० वरून ७० वर यायला किती सेकंद लागले ते डबीवर बघा. याला कोस्टडाउन म्हणतात, गाड्यांच्या अधिकृत चाचण्यांतही याचाच आधार असतो. गाडी ज्या दरानं मंदावली त्यात हवा, टायर, उतार, वारा सगळं आलं. तुमच्या गाडीला सपाटीवर दहा-अकरा सेकंद लागावेत. हा मंदावण्याचा दर, दाबल्यावरच्या वेग घेण्याच्या दरात मिळवला की जे उरतं ते चाकांनी दिलेलं बल भागिले वजन. उतार किती, वारा किती, गाडीचा आकार कसा, काहीच विचारायची गरज उरली नाही. कारण दोन्ही वेळी रस्ता तोच, दिशा तीच, वारा तोच. दोन धावांमध्ये वाऱ्यानं दिशा बदलली तर मात्र पुन्हा घ्या.

उदाहरण देतो. ५० ते ८० म्हणजे ८.३३ मीटर प्रति सेकंद. साडेपाच सेकंदांत केले तर दर १.५. ८० ते ७० म्हणजे २.७८, दहा सेकंदांत केले तर दर ०.२८. बेरीज १.७८. याला काट्यावरच्या वजनानं गुणा, मग ८० च्या वेगानं गुणा. एक सूक्ष्म गोष्ट: ५० ते ८० चा सरासरी दर आहे, तो थेट ८० चा नाही. ड्रॅगीचा आलेख उघडून ७५ ते ८० एवढाच तुकडा घेतला तर जास्त चोख. उरतात ते चाकं-फ्लायव्हील फिरवायला लागणारा थोडा जोर आणि गिअरबॉक्समधलं नुकसान. ते दोन्ही मात्र कागदावरचेच राहतील.

म्हणूनच माझं मत असं की इंजिनचा पीएस आकडा विसरा आणि गुणोत्तर धरा. ट्यूनरकडं तुमची मूळ फाइल, म्हणजे रिमॅपच्या आधीची कंपनीची सेटिंग, असणारच. त्याला सांगा, एका सकाळी मूळ फाइल टाकून दे. त्याच गाडीत, त्याच टायरच्या हवेत, त्याच तुकड्यावर धावा घ्या. मग रिमॅप परत टाकून त्याच सकाळी पुन्हा. वजन चुकलं असलं तरी दोन्हीकडं सारखंच चुकलं, गिअरबॉक्सचे टक्केही दोन्हीकडं तेच. चाकांवरची ताकद खरोखर २० टक्के वाढली असेल तर वेळ साडेपाचवरून साडेचारवर येईल, कारण हवा-टायरचा विरोध तेवढाच राहतो आणि वाढलेली सगळी ताकद वेग घ्यायला मिळते. पूर्ण एक सेकंद! दहा वेळा नोंदणाऱ्या डबीला हा फरक चुकवताच येणार नाही. दोन दशांशच दिसले तर रिमॅपनं फारसं काही दिलं नाही असं समजा.

लातूरची_मेक

दादा, मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, आमची टीम बाहा एसएईंडिया या कॉलेजांच्या स्पर्धेसाठी बग्गी बनवते. तिथं डेटा लॉगिंग माझ्याकडं आहे म्हणून दोन गोष्टी जोडते.

फोनचा ॲक्सिलरोमीटर वापरायचाच असेल तर आधी तपासा. फोन टेबलावर सपाट ठेवा, लांबीच्या दिशेचं वाचन लिहा. मग फोन तिथंच, त्याच जागी, १८० अंश फिरवून ठेवा आणि परत लिहा. टेबल तिरकं असेल तर त्याचा भाग उलटा होतो, सेन्सरची स्वतःची चूक तशीच राहते. दोन्ही वाचनांची बेरीज करून निम्मी केली की सेन्सरची चूक मिळाली, वजाबाकी निम्मी केली की टेबलाचा कल. माझ्या फोनमध्ये सेन्सरची चूक एवढी निघाली की तिनं एकटीनं तीन-चार पीएस खाल्ले असते. दुपारी डॅशबोर्डवर तापलेल्या फोनमध्ये ती आणखी सरकते, म्हणून फोन गरम असताना पुन्हा तपासायचं.

दुसरं, फोन काचेवर नको. दोन सीटच्या मधल्या कन्सोलवर, गाडीच्या मधोमध, रबरी पट्ट्यानं किंवा दुहेरी टेपनं घट्ट. लवचिक होल्डर स्वतःच हलतो आणि त्याची थरथर तुमच्या आलेखात येते.

जालना_डीडीआयएस

ताई, हे लगेच करून बघतो. साहेब, एक शेवटचं. डायनोवर गेलोच तर तिथला आकडा अंतिम मानायचा का? आणि आता थंडी आहे, तर धावा लवकर उरकून घेऊ, की मेमध्येही तेच येईल?

टेस्टबेड_वाळूज

मेमध्ये तेच येणार नाही. आपल्याकडं उंची पाचशे-साडेपाचशे मीटर, त्यामुळं हवा मुळातच समुद्रकाठापेक्षा विरळ. त्यात डिसेंबरच्या पहाटे १२ अंश आणि मेच्या दुपारी ४२ अंश धरले तर दुपारची हवा नऊ-दहा टक्के आणखी विरळ होते. टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन जवळजवळ तेवढीच ताकद गमावतं. तुमच्या टर्बो डिझेलवर परिणाम कमी, कारण टर्बो दाब भरून काढतो. पण गरम हवा आत गेली की तोही मार खातो. हवा विरळ झाली की विरोधही तेवढाच कमी होतो, ते वेगळं. म्हणून मूळ फाइल आणि रिमॅप एकाच सकाळी घ्या म्हटलं. एक नोव्हेंबरात आणि दुसरं एप्रिलमध्ये घेतलं तर काहीच सिद्ध होत नाही.

डायनोवर गेलात तर कागदावर काय काय लिहून घ्यायचं ते सांगतो. बहुतेक डायनो हवेचं तापमान आणि दाब घेऊन आकडा एका ठरलेल्या हवामानावर आणून दाखवतात. एसएई जे१३४९ मध्ये ते २५ अंश आणि ९९ किलोपास्कल आहे, जुन्या जर्मन डीआयएन ७००२० मध्ये २० अंश आणि १०१.३. नुसतं हे मानक बदललं तरी आकडा दोन-चार टक्क्यांनी हलतो. टर्बो डिझेलवर पेट्रोलची दुरुस्ती लावली तर आकडा फुगतो, कारण टर्बोनं आधीच भरून काढलेलं पुन्हा मिळवलं जातं. म्हणून दुरुस्ती न केलेला आकडाही मागा, दुरुस्ती कुठल्या मानकानं केली ते लिहून घ्या, धाव कुठल्या गिअरमध्ये घेतली ते विचारा. चाकांवरचा आकडा वेगळा आणि त्यावरून धरलेला इंजिनचा आकडा वेगळा, हे दोन्ही वेगवेगळे छापून घ्या. पट्टे फार आवळून गाडी रोलरवर दाबली असेल तर टायरमध्येच ताकद जाते, तिकडंही लक्ष ठेवा. आणि तिथंही मूळ फाइलची धाव त्याच दिवशी, त्याच डायनोवर हवीच. दोन वेगवेगळ्या डायनोंचे आकडे शेजारी ठेवून भांडण करू नका.

रस्त्यावरच्या धावांसाठी: टायरची हवा गार असताना भरा, गाडी वीसेक किलोमीटर चालवून तेल गरम करून घ्या, एसी बंद, काचा वर, टाकी काट्यावर होती तेवढीच. धावा दोन्ही दिशांनी घ्या. एका दिशेच्या धावा एकमेकींशी जुळल्या नाहीत, दोन दशांशांपेक्षा जास्त हलल्या, तर त्या सकाळचा डेटा फेकून द्या आणि वारा पडलेल्या दिवशी पुन्हा जा. आलेखाची फाइल इथं टाकलीत तर मी बघून देईन.

जालना_डीडीआयएस

ट्यूनरशी बोललो. मूळ फाइल आहे त्याच्याकडं, रविवारी पहाटे लॅपटॉप घेऊन स्वतः येतो म्हणालाय. काटाही सांगून ठेवलाय. मावसभाऊ शनिवारी मुक्कामाला येतोय, डबी घेऊन.

नांदेड_गॅरेजवाला

फाइल टाका इथं. ५० ते ८० चा टाइम मलाही बघायचाय. माझ्याकडं त्याच इंजिनची न छेडलेली डिझायर आहे, तिच्या धावा मी याच पद्धतीनं घेऊन ठेवतो. वजन मात्र वेगळं लागेल, ते काट्यावरून लिहितो.

टेस्टबेड_वाळूज

जरूर घ्या. डिझायरचं ८० ते ७० चं कोस्टडाउनही टाका, नुसता ५० ते ८० नको.